तिसऱ्या मजल्यावरचे एकोणतीस किलो

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आली: गिटारसाठी व्हॉल्व्हचा अँप घ्यावा की डिजिटल मॉडेलर. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या, आणि मॉडेलर म्हणजे अशा अँपच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारा डबा. त्यामुळे तारा कधी बदलाव्यात, नायलॉन बरी की स्टील, हे सगळे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की माझे वडील सदाशिव पेठेत रेडिओ दुरुस्त करायचे आणि मी त्याच टेबलावर अँप दुरुस्त करतो. मधली बारा वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. म्हणजे अँप वाहून नेल्याची पाठदुखी आणि तो उघडून बसल्याची मानदुखी, दोन्ही माझ्या पदरी आहेत.

प्रश्न: वय ४३, बँकेत नोकरी. कॉलेजात बँडमध्ये वाजवायचो, मग वीस वर्षं गिटार कपाटावर पडून होती. आता मुलगा बारावी झाला आणि मी पुन्हा सुरुवात केली आहे. आयुष्यात एकदा तरी फेंडर कंपनीचा ट्विन रिव्हर्ब हा व्हॉल्व्हचा अँप घ्यायचा असं तेव्हाच ठरवलं होतं, त्यासाठी पैसेही बाजूला टाकलेत. पण क्लासमधला एक पोरगा म्हणतो, "सर, तो इतिहास झाला. मॉडेलर घ्या, त्यात असे पन्नास अँप आहेत." आवाजात खरंच फरक असतो, की हे मनाचे खेळ? फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मी तिथेच थांबलो. ट्विन रिव्हर्ब साधारण २९ किलोचा असतो. घरातलं गॅसचं भरलेलं सिलिंडर जवळपास तेवढंच भरतं, आणि ते वर आणून द्यायला निदान माणूस येतो.

तरी आधी तुमचा प्रश्न. फरक असतो, आणि तो मनाचा खेळ नाही. आपल्याकडे मंगल कार्यालयापासून नाट्यगृहापर्यंत 'आवाज फाटतोय' ही तक्रार असते. गिटारवाला हा एकच प्राणी असा, जो आवाज नीट फाटावा म्हणून पैसे मोजतो. व्हॉल्व्हला झेपेल त्याहून जास्त सिग्नल दिला, की लाटेचे माथे एकदम छाटले जात नाहीत, गोल होत होत दबतात. हळू छेडलं की स्वच्छ, जोरात छेडलं की खरखरीत, आणि मधली सगळी चढण तुमच्या बोटांच्या ताब्यात. ज्या अँपात रेक्टिफायरही (भिंतीतल्या एसी विजेची डीसी करणारा भाग) व्हॉल्व्हचा असतो त्यात आणखी एक गंमत आहे. जोरात स्ट्रोक मारला की आतला व्होल्टेज क्षणभर बसतो आणि पुन्हा वर येतो. कानाला स्वर फुलल्यासारखा वाटतो, बोटांना तार मऊ झाल्यासारखी. फेंडरच्याच डिलक्स रिव्हर्बमध्ये असा रेक्टिफायर आहे. तुमच्या ट्विनमध्ये नाही, तिथे व्हॉल्व्हऐवजी डायोड बसवलेत.

आणि इथेच पहिली पंचाईत आहे. ट्विन मुळी न फाटण्यासाठीच नावाजलेला अँप. ८५ वॅट, ६एल६ जातीचे चार मोठे व्हॉल्व्ह, बारा इंची दोन स्पीकर. तो फाटू लागेल त्याच्या बऱ्याच आधी सोसायटीचे चेअरमन तुमच्या दारात उभे असतील.

हिशेब करून दाखवतो. गिटारचा चांगला बारा इंची स्पीकर एका वॅटवर, एक मीटरवरून, ९८ ते १०० डेसिबल देतो. एका वॅटवर! दहा वॅट दिले की त्यात आणखी दहा डेसिबल. रहिवासी भागासाठी कायद्याने घालून दिलेली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५. भिंती काही आवाज खातात हे धरलं, तरी शेजाऱ्यांनी तरी किती खायचा? 'मग पाच वॅटचा छोटा घ्या' असा सल्ला कुणी दिला, तर तोही पूर्ण उघडल्यावर १०५ च्या घरात जातो. बरं, बटण एकवर ठेवून वाजवलंत तर फक्त पुढचे लहान व्हॉल्व्ह काम करतात. ज्या मोठ्या व्हॉल्व्हसाठी आणि जाडजूड ट्रान्सफॉर्मरसाठी तुम्ही पैसे ओतलेत, ते मागे झोपा काढतात.

आता त्या पोराची बाजू. १९९८ मध्ये लाइन सिक्स कंपनीचा पॉड हा मॉडेलर आला, राजम्याच्या दाण्यासारखा दिसणारा लाल डबा. आम्ही ऑर्केस्ट्रावाले तेव्हा त्याला हसलो होतो. मग २०११ मध्ये केम्पर कंपनीने खऱ्या अँपला आवाज ऐकवून, तो काय परत देतो ते टिपून ठेवणारं यंत्र काढलं. २०१३ च्या डिसेंबरात मेटॅलिका या रॉक बँडने अंटार्क्टिकात कार्यक्रम केला. तिथे मोठ्या आवाजाला परवानगी नव्हती. रंगमंचावर अँपच नव्हते आणि श्रोते हेडफोन लावून बसले होते. २०१९ मध्ये तर खुद्द फेंडरने बिनव्हॉल्व्हचा ट्विन काढला, दिसायला तोच आणि वजनाला जवळजवळ निम्मा. ज्यांनी मूळ ट्विन केला त्यांनाच तो उचलायचा कंटाळा आला, असं मी म्हणतो. तेव्हा 'इतिहास झाला' हे त्या पोराचं म्हणणं उद्धट असलं, तरी अगदीच वेडगळ नाही.

मात्र मॉडेलर नक्कल कशाची करतो, ते समजून घ्या. अँपच्या स्पीकरपुढे माइक ठेवला, तर त्या माइकला जे ऐकू जाईल त्याची. तुम्ही आजवर कॅसेटवर, सीडीवर ऐकलेली जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रिक गिटार माइकमधूनच आली आहे, म्हणून मॉडेलर हेडफोनवर लगेच 'रेकॉर्डसारखा' वाटतो. अँपसमोर खोलीत उभं राहणं ही वेगळी गोष्ट आहे. मागच्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाचा डिलक्स रिव्हर्ब दुरुस्त करून टेबलाखाली ठेवला होता आणि शेजारी माझा मॉडेलर चांगल्या स्पीकरला जोडला होता. आलटून पालटून एकच तुकडा वाजवला. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "तेच तेच काय लावलंय?" तिला दोन्ही एकच. मला दहा सेकंदांत कळलं, आणि तेही कानाने नव्हे. खालची जाड तार दाबली की डिलक्सची हवा पोटऱ्यांवर येत होती.

तुमच्या नाशिकच्या फ्लॅटमध्ये ती पोटऱ्यांवरची हवा तुम्हाला मिळणारच नाही, कारण तेवढा आवाज करताच येणार नाही. म्हणून माझं मत: ट्विन घेऊ नका. मॉडेलर घ्या, कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या आणि उरलेल्या पैशांतून महिन्यातून एकदा तालमीची खोली तासावर भाड्याने घ्या. फोनवर आधी विचारा, व्हॉल्व्हचा अँप आहे का, चालू आहे का आणि आवाज मोठा केला तर चालेल का. तिन्हींना हो आलं तर जा आणि मनसोक्त फाडा. उचलणं, व्हॉल्व्ह बदलणं, सगळं त्यांच्याकडे.

एवढं सांगूनही तुम्ही ट्विनच घेतलात, तर मला राग येणार नाही. आतून तो सुतारकामाइतका साधा असतो. साठच्या दशकातला फेंडर मी आजही उघडतो, जळालेला रेझिस्टर डोळ्यांना दिसतो, बदलतो आणि तो वाजतो. मॉडेलर बिघडला की आख्खा बोर्ड बदलतात, आणि दहा वर्षांनी तो बोर्ड मिळेल का हे आज कुणीच सांगू शकत नाही. चाकं लावून घ्या म्हणालो असतो, पण जिन्यात चाकांचा उपयोग नाही.

प्रश्न: काका, मी १९ वर्षांचा आहे, लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो. नवीन मॉडेलर घेतला. घरी हेडफोनवर रात्र रात्र बसून आवाज बसवले, एकदम भारी. हॉलवर साउंडवाल्याच्या मिक्सरला वायर दिली तर डब्यात मधमाश्या कोंडल्यासारखा आवाज. दुसऱ्या हॉलवर गिटार कुणाला ऐकूच गेली नाही. आमचा कीबोर्डवाला म्हणतो, वीक आणि जुना अँप घे. विकू का?
— फोंडा, गोवा

उत्तर: वय लिहिलंस म्हणून अरे-तुरे करतो. विकू नकोस. तुझ्या यंत्रात दोष नाही आणि हे दोन वेगवेगळे रोग आहेत.

मधमाश्या आधी. गिटारचा स्पीकर फार अडाणी असतो, साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं तो जवळजवळ काढतच नाही. म्हणून अँपमधली सगळी चरचर त्याच्या कागदातच मरते. हॉलच्या साउंडमध्ये मात्र वरच्या पट्टीसाठी वेगळे ट्वीटर असतात, ते ती चरचर इमानेइतबारे शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतात. मॉडेलरमध्ये या अडाणी स्पीकरची नक्कल करणारा भाग असतो, त्याला कॅब म्हणतात. तुझ्या यंत्राच्या सेटिंगमध्ये आउटपुट कशाला जोडलंय असं विचारणारी जागा असेल. तिथे 'अँप' निवडलेलं असलं तर कॅब बंद होतो, हेडफोनला मात्र काही यंत्रांत चालूच राहतो. घरी गोड आणि हॉलवर मधमाश्या, म्हणजे नव्वद टक्के हेच. मिक्सरला जाताना कॅब चालू, आणि गिटारच्या अँपला मागून जोडशील तेव्हा बंद. अँपला जोडतानाही चालू राहिला तर चाळलेलं पीठ पुन्हा चाळल्यासारखं होतं, आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो.

दुसरा रोग जुना आहे. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघा संशोधकांनी मोजून दाखवलं, की आवाज लहान असला की माणसाच्या कानाला खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात. रात्री आईबाबांना त्रास नको म्हणून तू हळू वाजवतोस, कानाला काहीतरी कमी वाटतं, मग बेस वाढवतोस, ट्रेबल वाढवतोस आणि मिडल खाली आणतोस. हॉलवर आवाज मोठा झाला की कान ते खालचं-वरचं आपोआप ऐकायला लागतो. तुझा वाढवलेला बेस ढोलकीवाल्याच्या आणि बेसवाल्याच्या राज्यात जातो, ट्रेबल झांजेच्या. गिटारची स्वतःची जागा मध्यभागी असते, आणि ती तूच रिकामी केलीस. तिथे तुझा तो कीबोर्डवाला दोन्ही हात पसरून बसलाय. तो 'विकून टाक' म्हणणारच!

उपाय कंटाळवाणा आहे. दुपारी, घरात कुणी नसताना, स्पीकरवर लग्नात असतो तेवढ्या आवाजात बसव. एकट्याने नको, मागे गाणं लावून बसव. बेस तुला आवडेल त्याहून कमी, गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारं बटण) तर निम्मा कर. एकट्याने ऐकलास तर बोडका वाटेल. तोच हॉलवर ऐकू जातो. आणि साउंडवाल्याशी सलोख्याने राहा, त्याला चहा विचार. मी बारा वर्षांत जे शिकलो त्यातलं अर्धं साउंडवाल्यांकडून.

वीज हीसुद्धा तुझ्याच यंत्राच्या बाजूची गोष्ट आहे. मोकळ्या जागेतली लग्नं जनरेटरवर होतात. बऱ्याच मॉडेलरचा पुरवठा १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतो, तुझ्या अडॅप्टरवर छापलेलं वाचून घे. व्हॉल्व्हच्या अँपात साधा ट्रान्सफॉर्मर. जनरेटर १९० वर आला की व्हॉल्व्ह तापवणारा ६.३ व्होल्टचा फिलामेंट ५.२ वर येतो आणि अँप गळाठतो, २५० वर गेला की ६.८ वर जाऊन व्हॉल्व्हचं आयुष्य जळतं. रात्री दहाला आवाज बंद करायला लावतात तेव्हा मॉडेलरवाला पिशवी खांद्याला अडकवून निघतो. व्हॉल्व्हवाला अजून अँप गार व्हायची वाट बघत असतो.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीहून कायमचे ठाण्याला परत येत आहोत. मुलीचा फेंडर ब्लूज ज्युनियर अँप आहे, तिचा त्यात जीव आहे. सामान पाठवणारे म्हणतात, तिकडे चालणार नाही, इथेच विकून टाका. खरं का?
— एक आई

उत्तर: आणा. मुलीचा जीव आहे एवढं कारण पुरे, पण तांत्रिक कारणही आहे.

तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अँप थेट आपल्या भिंतीत लावला तर फ्यूज उडेल, आणि नुकसान फ्यूजवर थांबेलच असं नाही. मधे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवा. तो तिकडून आणू नका, जड असतो आणि लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळतो, हवा तसा बांधूनही देतात. अँपच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात, निदान त्याच्या दुप्पट व्हीएचा (ट्रान्सफॉर्मरची ताकद या मापात सांगतात) घ्या. तयार मिळतो तो बहुधा ११० चा असतो. त्यावर फिलामेंटला ५.८ च्या आसपास मिळतात, चालून जातं. बांधून घेणार असाल तर १२० सांगा. प्रवासात हेअर ड्रायरसाठी वापरतात तो हलका कन्व्हर्टर अजिबात नको. आणि तीन पिनांचा प्लग, भिंतीतल्या अर्थिंगसकट. ठाण्याच्या घरात अर्थिंग खरोखर आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या. गिटार वाजवणाऱ्याची बोटं तारांवर असतात आणि तारा अँपच्या पत्र्याला जोडलेल्या. हर्ट्झचा फरक ट्रान्सफॉर्मरला थोडा जास्त तापवतो, तेवढाच.

एक काम मात्र नक्की करा. सामान उघडल्यावर, चालू करण्याआधी, मागे डोकावून स्पीकरची वायर जागेवर आहे ना ते पाहा. प्रवासात ती निघते. व्हॉल्व्हचा अँप स्पीकरशिवाय वाजवला की आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला, जळू शकतो. हे मी पुस्तकातून सांगत नाही. गणपतीतला सहावा दिवस, टेंपोतून उतरून थेट स्टेजवर, घाईत स्पीकरची जॅक लावायची राहिली. आवाज येईना म्हणून मी बटण वाढवत गेलो. मग आतून टकटक आवाज, आणि वार्निश जळाल्याचा वास. त्या रात्री कीबोर्डच्या अँपवर गिटार वाजवली. ट्रान्सफॉर्मर पुन्हा बांधून घ्यायला त्या सीझनची निम्मी बिदागी गेली. दोष सोळा आणे माझा. वडील काही बोलले नाहीत. जळालेला ट्रान्सफॉर्मर मात्र त्यांनी माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवला, तो अजून आहे.

प्रश्न: मॉडेलरमध्ये आवाज उशिरा येतो असं ऐकलं. त्याने लय बिघडते का?
— कोल्हापूर

उत्तर: चांगल्या यंत्रात उशीर दोन-चार मिलिसेकंदांचा. हवेतून आवाजाला एक मीटर यायला जवळपास तीन लागतात. अँपपासून दोन पावलं लांब उभे राहिलात तर तेवढाच उशीर होतो. वायरलेस वगैरे आणखी दोन डिजिटल यंत्रं मधे जोडलीत तर बेरीज जाणवू लागेल. नाहीतर लय बिघडली तर दुसरं कारण शोधा.

प्रश्न: आजोबांचं रेडिओचं दुकान होतं. ते बंद झालं तेव्हाचे व्हॉल्व्ह पत्र्याच्या डब्यात आहेत, काहींवर बीईएल लिहिलंय. गिटार अँपमध्ये चालतील का? एक जुना रेडिओही आहे, त्यातले काढू का?
— मिरज

उत्तर: तुमच्या पत्राने माझी संध्याकाळ गेली, डबा डोळ्यांसमोरून हलेना. बीईएल म्हणजे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स. आपल्या घराघरांतले कितीतरी रेडिओ त्यांच्या व्हॉल्व्हवर बोलायचे. आज जगात गिटारसाठीचे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन इथे होतात. २०२२ मध्ये रशियाने निर्यात अडवली तेव्हा भाव असे चढले, की मी गिऱ्हाइकांना फोन करायलाच लाजत होतो.

डब्यात शोधायचं ते असं. ईसीसी८३ म्हणजेच अमेरिकन नावाने १२एएक्स७, जवळजवळ प्रत्येक गिटार अँपच्या पुढच्या भागात हाच. रेडिओत तो फारसा नसे, टेपरेकॉर्डर आणि लाउडस्पीकरच्या अँपात असे, त्यामुळे सापडलाच तर नशीब. ईएल८४ मात्र नक्की असतील. व्हॉक्स एसी३० मध्ये चार लागतात, वरच्या आईंच्या ब्लूज ज्युनियरमध्ये दोन. ते जोडीने, सारखा करंट घेणारे लावावे लागतात, म्हणून टेस्टरवर लावून जोड्या निवडाव्या लागतील. काचेच्या टोकाला आतून चंदेरी मुलामा असतो. तो पांढरा पडला असेल तर आत हवा गेली, फेकून द्या. ईसीएच८१, ईबीएफ८९, ईबीसी८१ हे गिटारच्या कामाचे नाहीत, पण टाकू नका, रेडिओवाले शोधत असतात.

आणि रेडिओतले काढू नका. डब्यात सुटे असताना चालत्या घराच्या विटा कशाला काढायच्या? तो रेडिओ आधी सुरू होतो का बघा. मागचं झाकण उघडून आत हात घालू नका, बंद रेडिओच्या कंडेन्सरमध्येही झटका साठलेला असतो. तीस वर्षं बंद असेल तर थेट भिंतीत लावू नका. एखाद्या वायरमनकडून ६० वॅटच्या पिवळ्या बल्बचा सिरीज बोर्ड, म्हणजे वीज आधी बल्बातून जाऊन मग रेडिओला मिळेल अशी जोडणी, करून घ्या आणि त्यातून लावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबा. लख्ख पेटूनच राहिला तर बटण बंद करा, प्लग काढा आणि मला कळवा. पुढच्या महिन्यात मिरजेला येणार आहे, डबाही तेव्हा काढून ठेवा.